पुण्याच्या आसपास चतुर पाहायला वर्षातला सर्वांत चांगला काळ कोणता?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात नुकतेच राहायला आलात, कॅमेरा आहे, पण सुट्टी फक्त रविवारची. तर चतुर पाहायला नेमकं कधी बाहेर पडावं?

गणपती गेले की दिवाळीपर्यंत. म्हणजे साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. त्यातही एकच रविवार हाताशी असेल, तर दोन-तीन दिवस पाऊस पडून गेल्यावर जी पहिली कडक उघडीप मिळते, तो पकडा.

पाण्याकाठचा किडा, तेव्हा तो ऐन पावसात भरपूर दिसणार, असं मलाही वाटायचं. पहिली दोन वर्षं जुलैत रेनकोट घालून हिंडलो आणि शेवाळावर आपटण्यापलीकडे फारसं काही पदरात पडलं नाही. चतुराला पाणी लागतं ते अंडी घालायला आणि अळीला वाढायला. उडायला मात्र ऊनच लागतं, अंग तापल्याशिवाय तो जागचा हलत नाही. जूनमध्ये पाऊस लागतो, डबकी भरतात, त्यांत अंडी पडतात. अळी पाण्याखाली डासांच्या अळ्यांसकट हाताला लागेल ते खात वाढते. डबक्यात वाढणाऱ्या जातींना दीड-दोन महिने पुरतात. आता तुम्हीच हिशोब करा: ऑगस्ट सरता सरता नवी फौज बाहेर पडते आणि तेव्हाच उन्हं यायला लागतात.

काठावरच्या गवतात जरा वाकून बघा. पाण्यापासून वीतभर वर काडीला एक तपकिरी, कोरडी साल चिकटलेली असते. पाठ उभी उकललेली, डोळ्यांच्या जागी काचेसारखे पोकळ फुगे, सहाही पाय काडीला गच्च आणि फाटलेल्या जागेतून बारीक पांढरे दोरे लोंबताना. ती अळीची कात. ते दोरे म्हणजे तिच्या श्वासनलिकांचं अस्तर. उडणाऱ्या चतुरापेक्षा मला या कातीच जास्त सापडतात, आणि त्या फोटोला स्थिरही बसतात!

पितृपक्षाच्या सुमारास मोकळ्या मैदानांवर पिवळसर-तांबूस चतुरांचे थवेच्या थवे घिरट्या घालतात, बसायचं नाव घेत नाहीत. इंग्रजीत ग्लोब स्किमर म्हणतात तो हा. आमची आजी म्हणायची, चतुर खाली उतरले की पाऊस येणार. हवामानाचा अंदाज म्हणून मी त्यावर छत्री घरी ठेवणार नाही, पण पाऊस आणि हा चतुर यांचं नातं मात्र खरं आहे. ऑक्टोबरपासून हेच चतुर मालदीवमध्ये मोठ्या संख्येने उतरतात, आणि तिथे जमिनीवर गोडं पाणी जवळपास नाहीच. मग ते येतात कुठून? तिथे राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं की ते भारतातून निघून, वाऱ्यावर स्वार होऊन, समुद्र ओलांडून पावसाच्या मागोमाग पूर्व आफ्रिकेकडे जातात. जेमतेम दोन इंचांचा जीव! मैदानावरचा थवा बघताना हे आठवलं की मान दुखेपर्यंत वर बघत राहतो मी.

जागा म्हणाल तर सुरुवातीला पाषाण तलाव किंवा मुळा-मुठेकाठचं कवडीपाट पुरे. पाणी घाण आहे म्हणून नाक मुरडू नका. नारिंगी पट्ट्याच्या पंखांचा एक छोटा चतुर असल्याच पाण्यावर खूश असतो. मुळशीकडे भातखाचरांच्या बांधावर काळ्या-पांढऱ्या पंखांचा चतुर फुलपाखरासारखा फडफडत जातो. ताम्हिणीच्या ओढ्यांना मात्र घाई करू नका. पावसाळ्यात त्यांना लोंढा असतो. ऑक्टोबर उलटला, पाणी निवळून दगड उघडे पडले, की टाचण्या बघायला जा. (टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ बहीण, बसली की बहुधा पंख पाठीवर मिटते, चतुर पसरून ठेवतो.) स्ट्रीम ग्लोरी नावाच्या टाचणीचा नर दगडावर बसला की मातकट दिसतो, आणि पंख उघडले की मागच्या जोडीवर मोरपिशी हिरवा रंग लखकन चमकून जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बटण दाबायचंच विसरलो.

पक्षी बघणाऱ्यांसारखं पहाटे उठायची गरज नाही. नऊ ते साडेअकरा उत्तम. क्लोजअप हवे असतील तर मात्र सातला पोहोचा: दवाने पंख जड झालेले असतात, हातभर अंतरावर जाऊ देतात. भर दुपारी काही चतुर शेपूट सरळ सूर्याकडे उभी करून शीर्षासन केल्यासारखे बसतात. उन्हाचा चटका कमी लागावा म्हणून ती युक्ती.

डिसेंबरनंतर गर्दी ओसरते. उन्हाळ्यात सोसायटीच्या सिमेंटच्या टाकीजवळची भिंत तेवढी निरखा. काळसर ठिपक्यांचा एक चतुर तिथे इतका बेमालूम बसतो की हात लावल्यावरच कळतं.

आणि गाडी तळ्यापासून लांब, सावलीत लावा. चकचकीत बॉनेटला पाणी समजून माद्या त्यावरच शेपटी टेकवत अंडी घालतात. माझ्या लाल गाडीवर एकीने दहा मिनिटं हा उद्योग केला. मी हाकलत होतो, ती परत येत होती, आणि अंडी उन्हाने तिथल्या तिथे वाळत होती.