वाचकांचे प्रश्न : नगरला जन्मलेले स्पाइक मिलिगन

प्रश्न : इंग्लंडमधील नामवंत विनोदवीर स्पाइक मिलिगन यांचा जन्म आमच्या नगरचा, असे वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहे. ते खरे आहे का? असल्यास महाराष्ट्राशी त्यांचा संबंध जन्मापुरताच होता का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : आपण ऐकलेले अगदी खरे आहे. टेरेन्स अ‍ॅलन मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात झाला. वडील ब्रिटिश हिंदी सैन्यातील आयरिश सैनिक होते आणि आई इंग्रज. त्यांचे शिक्षण पुण्याच्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेत सुरू झाले आणि पुढे ते रंगूनला शिकले. ऐन पौगंडावस्थेत ते लंडनला गेले. म्हणजे मायदेश म्हणवणारा देश त्यांना परक्यासारखा नव्याने ओळखून घ्यावा लागला. या जन्मस्थानाने पुढे त्यांना अडचणीतही आणले. ब्रिटनच्या १९६२ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर त्यांना ब्रिटिश पासपोर्टचा हक्क आपोआप मिळेना. महायुद्धात ब्रिटिश तोफखान्यात लढलेल्या आणि इटलीत जखमी झालेल्या या माणसाने निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिला आणि वडिलांच्या वंशाच्या आधारे आयरिश नागरिकत्व स्वीकारले. त्यांच्या जागी कोणीही दुखावला गेला असता, असे मला वाटते.

प्रश्न : माझे सासरे ‘द गून शो’च्या आठवणी फार जिव्हाळ्याने काढत. नुसत्या आवाजावर चालणाऱ्या त्या कार्यक्रमात एवढे काय होते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बीबीसी रेडिओवर १९५१ ते १९६० या काळात चाललेल्या या कार्यक्रमात मिलिगन, पीटर सेलर्स, हॅरी सीकोम आणि सुरुवातीची काही वर्षे मायकल बेंटीन होते. बहुतेक संहिता मिलिगन यांनी एकट्याने किंवा सहलेखकांबरोबर लिहिल्या. रेडिओवर श्रोत्याला काहीच दिसत नाही, हीच त्यांनी मोकळीक मानली. दार उघडल्याचा आवाज आला की श्रोत्याच्या मनात दार उभे राहते. मग त्या दारातून समुद्र आत आला तरी त्याला पटतो. सेलर्स आणि मिलिगन यांनी त्यात लालकाका आणि बॅनर्जी ही दोन भारतीय पात्रेही रंगवली.

आवाजाबाबत मिलिगन किती हट्टी होते, याचा एक किस्सा त्यांचे सहकारी सांगत. कस्टर्डने भरलेला मोजा भिंतीवर आपटल्याचा आवाज त्यांना हवा होता. त्यांनी उपाहारगृहातून कस्टर्ड करून आणवले, पायांतले मोजे काढून त्यात ते भरले आणि गरगर फिरवून फळीवर आपटले. मात्र मनातला आवाज काही निघाला नाही, म्हणून ती कल्पना त्यांनी सोडून दिली. आपल्या सासऱ्यांना भावले असेल ते हेच, की ऐकताना वेडगळ वाटणाऱ्या त्या अर्ध्या तासामागे प्रत्येक आवाजाची अशी पारख होती.

या कष्टांची किंमतही जबर होती. दर आठवड्याला नवी संहिता देण्याच्या ताणाखाली १९५२ च्या अखेरीस ते कोलमडले आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्यांना द्विध्रुवी विकार, म्हणजे मन कधी अति उत्साहाच्या तर कधी खोल नैराश्याच्या टोकाला जाण्याचा आजार होता आणि तो जन्मभर राहिला. त्यांच्या प्रतिभेचे मूळ या आजारात शोधण्याची अनेकांना सवय आहे, ती मला मान्य नाही. आजाराच्या दिवसांत ते लिहू शकत नसत. लिहिले ते आजाराशी झगडून. मनोविकारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासह त्यांनी नैराश्यावर १९९३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पिढीतल्या इतक्या प्रसिद्ध माणसाने या दुखण्याबद्दल उघडपणे बोलणे ही धैर्याची गोष्ट होती.

प्रश्न : ‘करी अँड चिप्स’मध्ये त्यांनी चेहऱ्याला रंग फासून आशियाई माणसाची भूमिका केली होती. त्यांच्या चाहत्यांनी हे विसरायचे का?
— एक वाचक, लंडन

उत्तर : विसरू नये. १९६९ मधील ती मालिका सहा भागांनंतर बंद करण्यात आली आणि तसे झाले ते योग्यच झाले. भारतात बालपण गेल्याने त्या चेष्टेचा दंश कमी होत नाही. त्यांच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्याने हेही सांगितले पाहिजे.

प्रश्न : त्यांची अखेरची वर्षे कशी गेली?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सन्मान आले, पण उशिरा. १९९४ मध्ये ब्रिटिश विनोदी कलावंतांचा जीवनगौरव पुरस्कार स्वीकारताना व्यासपीठावर युवराज चार्ल्स यांचे प्रशंसापत्र वाचले जात होते. ते मध्येच तोडून मिलिगन यांनी युवराजांना लाळघोट्या म्हणून शिवी हासडली आणि सभागृह हास्यकल्लोळात बुडाले. युवराज त्यांचे जुने चाहते होते. स्नेह तुटला नाही. २००१ मध्ये मिलिगन यांना मानद नाइटहूड मिळाला. मानद अशासाठी, की कागदोपत्री ते ब्रिटिश नव्हतेच.

२७ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. विंचेल्सी गावातील चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. ‘मी आजारी आहे, असे तुम्हाला सांगितले होते,’ ही ओळ त्यांना समाधीशिलेवर हवी होती. चर्चच्या अधिकाऱ्यांनी इंग्रजीत ती कोरू दिली नाही, तेव्हा ती आयरिश भाषेत कोरली गेली. लंडनच्या फिंचली भागात, जिथे ते अनेक वर्षे राहिले, तिथे चाहत्यांनी वर्षानुवर्षे निधी जमवून २०१४ मध्ये बाकावर बसलेला त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारला. बाकावर त्यांच्या शेजारी कोणालाही बसता येते.

सीकोम त्यांच्या आधी वर्षभर, एप्रिल २००१ मध्ये गेले. ते उत्तम गायक होते. ‘बरे झाले, तो आधी गेला, माझ्या अंत्यविधीला त्याने गायला नको होते,’ असे मिलिगन म्हणाले होते. मिलिगन यांच्या स्मरणसभेत सीकोम यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण लावण्यात आले.