“आई, एकच अक्षर दिसतंय”

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे, ७ वर्षांचा. फळ्यावरचं अर्धवट उतरवून आणतो, टीव्हीला चिकटून बसतो, वाचताना मान वाकडी करतो. विचारलं तर ‘मला दिसतं की’ म्हणतो. चष्म्याच्या दुकानात मशीनवर मायनस दीड नंबर निघाला. सासूबाई म्हणतात, इतक्यात चष्मा नको, नंबर वाढत जाईल; गाजर दे. मोठी मुलगी १४ वर्षांची आहे. ती सारखी डोळे चोळते, तिचा नंबर वर्षात दोनदा बदलला. काय करू?
— एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, मुलगा खोटं बोलत नाही. त्याला जसं दिसतं तसंच सगळ्यांना दिसतं, असं त्याला वाटतं. म्हणून त्याच्या बोलण्यावर नाही, त्या वाकड्या मानेवर विश्वास ठेवा.

आज संध्याकाळीच त्याला भिंतीवरच्या कॅलेंडरपासून लांब उभं करा आणि एकेक डोळा झाकून तारखा वाचायला सांगा. डोळा तुमच्या तळहाताने झाका. पोरं बोटांच्या फटीतून बघतात. एक डोळा झाकल्यावर निवांत आणि दुसरा झाकला की हात ढकलून देतो, असं झालं तर उघडा राहिलेला डोळा कमजोर असू शकतो. दोन्हीकडून नीट वाचलं, तरी तपासणी टाळू नका.

माझ्याकडे पंचवटीतून एक ९ वर्षांची मुलगी आली होती. पळण्यात पहिली, अभ्यासात हुशार. उजवा डोळा ६/६, म्हणजे नजर पूर्ण. तो झाकला आणि ती गप्पच झाली. मग म्हणाली, “आई, एकच अक्षर दिसतंय.” डावा ६/६० होता, म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते तिला सहा मीटरवरून. दोन डोळ्यांच्या नंबरात फार फरक असला की मेंदू अंधुक डोळ्याचं चित्र घेणंच सोडून देतो. हा आळशी डोळा. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, हा त्यावरचा उपाय. ती मुलगी ६/१२ पर्यंत आली, म्हणजे इतरांना बारा मीटरवरून दिसतं ते तिला सहावरून. दोन वर्षं आधी आली असती तर, हे मला आजही वाटतं. तुमचा मुलगा सातचा आहे, हातात वेळ आहे.

दुकानातल्या नंबरावर चष्मा करू नका. मशीनमध्ये बघताना मुलं डोळ्यावर ताण देतात आणि नसलेला मायनस दिसतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, डोळ्याचा ताण सैल करणारे थेंब घालूनच नंबर काढायचा.

सासूबाईंना सांगा, चष्म्याने नंबर वाढत नाही. मायनस नंबर वाढतो तो वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांब होतो म्हणून. गाजर जरूर द्या, त्याने नंबर मात्र उतरत नाही. रोज दोनेक तास उजेडात, मैदानावर खेळू द्या. मायनस नंबर लागण्याची शक्यता त्याने कमी होते.

मुलीचं मला जास्त लागून राहिलंय. डोळे चोळणं आणि झपाट्याने बदलणारा नंबर, विशेषतः सिलिंडरचा (डोळ्याचा पडदा सगळीकडे सारखा गोल नसल्याने लागणारा), हे एकत्र दिसलं की केराटोकोनस नाही ना, हे बघावंच लागतं. यात बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे येतो. कॉर्नियाची, म्हणजे याच पडद्याची टोपोग्राफी, त्याच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, करून घ्या. लवकर कळलं तर क्रॉस-लिंकिंगने, म्हणजे थेंब आणि अतिनील किरण वापरून पडदा घट्ट करण्याच्या उपायाने, बहुतेक वेळा तो वाढायचा थांबवता येतो. तोवर खाजेवर औषध घ्या आणि चोळणं आजपासून बंद.

दोघांना शनिवारी न्या. थेंबांनंतर जवळचं धूसर दिसतं, ऊन सोसत नाही. टोपी बरोबर ठेवा, आणि त्या दिवशी गृहपाठाला बसवू नका.