वाचकांचे प्रश्न : ‘रिपल्शन’मधलं घर मोठं कसं होत जातं?

प्रश्न : रोमन पोलान्स्कीच्या ‘रिपल्शन’ या चित्रपटात (१९६५) बहीण सुट्टीवर गेल्यावर कॅरोल घरात एकटी उरते आणि तेच घर लांबरुंद, परकं दिसू लागतं. ही करामत भिंगाची की सेटची? फोनवर लघुपट करताना जमेल का?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : दोन्हींची. गोष्ट लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या फ्लॅटची असली, तरी घराचा आतला भाग ट्विकनहॅम स्टुडिओत उभारला होता. भिंती सरकवता येत असल्याने खोलीचं मापच बदलता आलं. त्याच्या जोडीला छायाचित्रणकार गिल्बर्ट टेलर यांनी वाइड (जास्त रुंद भाग टिपणारी) भिंगं लावून कॅमेरा कॅरोल साकारणाऱ्या कॅथरीन दनव्हच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला.

चेहरा भिंगामुळे वाकडा होतो, असं सरसकट म्हटलं जातं. तो होतो अंतरामुळे. वाइड भिंग फक्त तितक्या जवळ जाऊ देतं. नाकाचं टोक आणि कान यांच्यात १२ सेंमी अंतर धरा. कॅमेरा नाकापासून ४० सेंमीवर असेल, तर नाक कानांच्या मानाने ३० टक्के मोठं उमटतं. दीड मीटरवर हाच फरक जेमतेम ८ टक्के.

फोनवर नवशिके लगेच ०.५वर, म्हणजे सर्वांत वाइड कॅमेऱ्यावर जातात. गरज नाही. ३५ मिमी फिल्मवर १८ मिमीचं वाइड भिंग जेवढं दाखवतं, त्यापेक्षा बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा थोडं जास्तच दाखवतो. ०.५वर कडेची डोकी ताणली जातात, अंधारात चित्र दाणेदार होतं आणि प्रेक्षक हसतो. पूर्वार्ध २एक्सवर, दीड-दोन मीटरवरून घ्या. उत्तरार्धात १एक्सवर ४०-५० सेंमीपर्यंत या. बदल दृश्यागणिक थोडा थोडा करा. एकाच दृश्यात केलात तर चोरी पकडली जाते. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर पात्र हललं की भिंत आपोआप उजळते. पॅसेज लांब वाटायला हवा असेल तर त्यातलं सामान काढा, दिवा एकच ठेवा आणि तोही पलीकडच्या टोकाला. कोपरे दिसले नाहीत की भिंत कुठे संपते ते डोळ्यांना कळत नाही.

प्रश्न : कॅरोलला स्किझोफ्रेनिया आहे असं वाचलं. शेवटच्या फोटोतून तिच्या लहानपणी काही घडल्याचं सुचवलंय का?
– वाचक, नाशिक

उत्तर : चित्रपट कुठल्याच आजाराचं नाव घेत नाही, आणि आमच्या मते तेच बरं. स्किझोफ्रेनियात भास असतात, पण ते जास्त करून ऐकू येण्याचे. कॅरोलला दिसतात भिंतीला जाणारे तडे, पॅसेजच्या भिंतीतून बाहेर येणारे हात, कपाटाच्या आरशात क्षणभर उभा पुरुष. पडद्यासाठी हे सोयीचं, पण याला रोगाचं वर्णन समजू नये. शिवाय मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याचीच शक्यता जास्त असते. इथे दोन खून कॅरोलच्या हातून होतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

कुटुंबाचा तो फोटो अगदी शेवटी एकदम समोर येत नाही. घरमालक भाडं मागायला येतो तेव्हाही तो आपल्या नजरेखालून जातो. शेवटी कॅमेरा विस्कटलेल्या खोलीतून फिरत त्यावर येतो आणि बाकीच्यांकडे न पाहणाऱ्या त्या मुलीच्या डोळ्यात शिरतो. सुरुवातीची श्रेयनामावलीही डोळ्यावरच सरकत होती. घरातल्या पुरुषाने तिच्यावर अत्याचार केला असावा, असं अनेक जण मानतात. तसा वाव आहे, पुरावा नाही. मुलगी आधीपासूनच तुटलेली होती, एवढं मात्र पक्कं.

प्रश्न : सोललेला ससा सारखा का दाखवतात? किळस आणायला?
– वाचक, पुणे

उत्तर : किळस आहेच, पण ससा हे या चित्रपटाचं कॅलेंडर आहे. बहिणीने जेवणासाठी आणलेला ससा शिजतच नाही, कारण मित्र तिला बाहेर जेवायला नेतो. मग कॅरोल तो फ्रिजमधून काढून तसाच विसरते. त्यावर माश्या बसतात, स्वयंपाकघरात बटाट्यांना कोंब फुटतात. किती दिवस गेले हे कुणी बोलून सांगत नाही. पुढे सशाचं मुंडकं तिच्या पर्समध्ये सापडतं, तेही ती काम करते त्या ब्यूटी पार्लरमध्ये. घरातली सडण बाहेर पोचली, हे त्या एका वस्तूने कळतं.

असं काही चित्रित करायचं असेल तर वस्तू खरोखर सडायची वाट पाहू नका. ताजी, सुकलेली, कोंब फुटलेली असे तीन संच आधीच तयार ठेवा आणि प्रत्येक शॉटसमोर गोष्टीतला दिवस लिहा. शूटिंग क्रमाने होत नाही. वही नसेल तर चौथ्या दिवशीचा बटाटा दुसऱ्या दिवशी दिसतो.

प्रश्न : रात्रीच्या हल्ल्याच्या दृश्यात आवाज गायब होतो. प्रिंट खराब आहे का?
– वाचक, पणजी

उत्तर : नाही. तिथे किंकाळी आणि संगीत मुद्दाम काढून फक्त घड्याळाची टिकटिक ठेवली आहे. एरवी चिको हॅमिल्टन यांचं जॅझ, शेजारच्या कॉन्व्हेंटची घंटा, भिंतीपलीकडून येणारे बहिणीचे आवाज असं बरंच काही कानावर पडत असतं, म्हणून ती शांतता अंगावर येते. टीव्हीच्या स्पीकरवर टिकटिक हरवते, हेडफोन लावा. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावरच लावा; ब्रिटनमध्येही याला ‘एक्स’ म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र होतं.