कण्हेरच्या पाण्यावर चार्टप्लॉटर कशाला?

प्रश्न : वय 46, पोहता येतं. मुंबईहून जुनी लेझर ही एकट्यानं चालवायची शिडाची होडी घेतली आहे. रीतसर परवानगी मिळाली की दिवाळीनंतर कण्हेर धरणाच्या जलाशयात सुट्टीच्या दिवशी उतरायचं म्हणतो. मुलगा रोज मोबाइलवर नवी वस्तू दाखवतो : चार्टप्लॉटर (नकाशावर होडी कुठे आहे ते दाखवणारा पडदा), डेप्थ साउंडर (पाण्याची खोली मोजणारं यंत्र), वाऱ्याचा मीटर, आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट, व्हीएचएफ (नौकेवरचा वायरलेस). खरंच काय लागतं?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : चिरंजीवांची यादी झकास आहे, फक्त ती रत्नागिरीहून गोव्याला निघालेल्या नौकेची आहे. तुमची होडी उलटणार. लेझर उलटतेच, त्यात लाज नाही. उलटली की अंगावर असेल आणि ओलं होऊन चालेल तेवढंच सामान तुमचं, बाकी सगळं वेण्णा नदीला अर्पण.

म्हणून पैसे आधी जॅकेटवर घाला. आपोआप फुगणारं नको. ते पाण्यात पडलं की फुगतं, आणि दर वेळी नवी गॅसची नळकांडी. शिवाय फुगलेलं जॅकेट घालून उलट्या होडीवर चढून बघा! फोमचं, अंगाला चापून बसणारं 50 न्यूटनचं (न्यूटन हे तरंगवण्याच्या ताकदीचं माप) बॉयन्सी एड, म्हणजे तरंगायला मदत करणारं जॅकेट घ्या. पण हे शुद्धीवर असलेल्या आणि पोहता येणाऱ्या माणसासाठी आहे. बेशुद्ध माणसाला ते उताणं करेलच असं नाही. बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, डोक्यात बसू शकतो, त्यामुळे एकटे असलात तर किनाऱ्यावर लक्ष ठेवणारं कुणीतरी हवंच. दुकानात जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा आणि सोबतच्या माणसाला खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर ते परत ठेवा, मग किंमत कितीही उतरवू देत. छातीच्या पट्ट्याला एक शिट्टी बांधा. खिशात बोथट टोकाची, दातेरी पात्याची सुरी असू द्या. दोरात पाय अडकला की तिची किंमत कळते.

दुसरी वस्तू फार स्वस्त आहे आणि यादीत नाही : बूच. लेझरच्या मागच्या फळीत, खाली, पाणी काढायचं एक भोक असतं. जुन्या होडीचं बूच झिजलेलं असतं, त्याची रबरी चकती चिरलेली असते. नवं घ्या, एक जास्तीचं जवळ ठेवा. पोकळ होडीत पाणी हळूहळू शिरतं, आणि कळतं तेव्हा ती म्हशीसारखी जड झालेली असते.

वाऱ्याच्या मीटरऐवजी घरातली लाल लोकर घ्या. शिडाच्या पुढच्या कडेपासून हातभर आत, दोन्ही बाजूंना एकेक वीतभर धागा चिकटवा. वारा येतो त्या दिशेकडे तिरकं जाताना दोन्ही धागे सरळ मागे गेले पाहिजेत. वाऱ्याकडच्या बाजूचा फडफडला तर शिडाचा दोर ओढा, पलीकडचा फडफडला तर सैल सोडा. दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे तिथला वारा क्षणात फिरतो. मीटरचा आकडा वाचेपर्यंत तो जुना झालेला असतो. पाण्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला की वारा अकरा-बारा नॉटच्या, म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्या पुढे गेला समजा. पहिल्या हंगामात तेवढ्यावर किनारा गाठा.

डेप्थ साउंडर? मधली उभी फळी तळाला लागली की तोच. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा काठाजवळ बुंधे आणि पंपांचे पाइप वर येतात, म्हणून तिथून फळी अर्धी वर ओढून जा. चार्टप्लॉटरमध्ये समुद्राचे नकाशे असतात, कण्हेरचा तळ त्यात नाही.

आणि एक गोष्ट विकत मिळत नाही. लेझरची अॅल्युमिनियमची डोलकाठी सहा मीटरच्या आसपास असते. ती उभी करण्याआधी मान वर करून बघा. काठावर शेतीपंपांच्या विजेच्या तारा लोंबत असतात. तारांखालून होडी ओढत न्यायची असेल तर काठी आडवीच ठेवा, दहा मिनिटं जास्त गेली तर जाऊ देत.

व्हीएचएफला परवाना लागतो. शिवाय समुद्रात चॅनल 16 वर ऐकणारं कुणीतरी असतं, कण्हेरला कोण बसलंय? मोबाइल वॉटरप्रूफ पिशवीत घालून गळ्यात अडकवा. डोंगराआड रेंज जाते, तेव्हा घरी सांगून निघा : अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, आणि त्या माणसाकडे पाण्यात घालायला होडी आहे की नाही.