थंडीत हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते, स्प्रे घ्यावा का?

भाऊ, निफाडहून नाशिकच्या अंबड एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला म्हणजे तुम्ही साडेपाचलाच निघत असणार, आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी काय असते हे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा रोज पेपरात येतो त्यावरून सगळ्या महाराष्ट्राला माहितीये. तुम्ही लिहिलंय की काच बंद केली की धुरकट होते, उघडली की डोळ्यातून पाणी येतं, नाकावरून मफलर गुंडाळला तरी फरक नाही, वाटेत चांदोरीजवळ तर हमखास होतं, दुकानदार स्प्रे घ्या म्हणतो आणि कंपनीतला मित्र कच्चा बटाटा चोळ म्हणतो.

स्प्रेचं नंतर बघू. आधी तो मफलर नाकावरून खाली घ्या. "मफलर लावूनही" फरक नाही असं तुम्ही म्हणताय, पण निम्मा त्रास मफलरमुळेच आहे. नाकावरून घट्ट कापड बांधलं की श्वासाला पुढे आणि खाली जायला वाटच राहत नाही, तो नाकाच्या दोन्ही बाजूंनी वर सरकतो आणि सरळ काचेवर जातो. कॉलेजच्या पोरी स्कार्फ बांधून वर हेल्मेट घालतात त्यांची पण हीच तक्रार असते. गळा आणि हनुवटी झाका, पाहिजे तर ओठांपर्यंत घ्या, नाक मोकळं ठेवा. नाक गारठतं, मान्य आहे, पण समोरून रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली येते तेव्हा नाकापेक्षा डोळे महत्त्वाचे.

आता हे होतं का ते थोडक्यात सांगतो, म्हणजे कुठला उपाय कामाचा आणि कुठला टाइमपास ते तुमचं तुम्हालाच कळेल. नाकातोंडातून निघणारी हवा साधारण ३४ डिग्रीची असते आणि ओलाव्याने जवळपास गच्च भरलेली असते, एका घनमीटरला ३७ ग्रॅमच्या आसपास पाणी. बाहेर ८ डिग्री असेल तर वाऱ्यामुळे काच पण जवळजवळ तेवढीच गार, आणि ८ डिग्रीच्या हवेत पाणी मावतं फक्त ८ ग्रॅमच्या आसपास. उरलेलं जाणार कुठे, काचेवर बारीक थेंब होऊन बसतं. तेच पाणी सपाट पसरलं तर आरपार दिसतं, पण बारीक थेंबांच्या रूपात असलं की प्रकाश विखुरतो आणि समोरच्या गाडीच्या हेडलाइटचा नुसता पांढरा गोळा दिसतो.

म्हणजे श्वास काचेपर्यंत जाऊ द्यायचा नाही, गेलाच तर आत हवा फिरती ठेवायची, आणि तरीही पाणी बसलं तर ते थेंब न होता सपाट पसरलं पाहिजे. याच क्रमाने करा, लोक शेवटचं आधी करतात आणि मग स्प्रेला शिव्या घालतात.

श्वासासाठी नोज गार्ड बघा. हेल्मेटमध्ये नाकावर येणारा रबरी किंवा प्लॅस्टिकचा पडदा असतो तो, काही हेल्मेटला लावलेला येतो, नसेल तर सुटा मिळतो. तो बसवला की काचेसमोर नाकातून जोरात श्वास सोडून बघा, हनुवटीवर गरम हवा लागली तर बरोबर बसलाय, डोळ्याखाली लागली तर वर सरकलाय. स्वस्तातल्या हेल्मेटला हा पडदा नावापुरताच असतो, नाक आणि त्याच्यात बोटभर फट राहते, तिथे थोडा फोमचा तुकडा चिकटवला तरी काम होतं.

हवेसाठी हनुवटीसमोरचा व्हेंट, म्हणजे हवा आत यायची झडप, उघडा. थंडी वाजते म्हणून सगळे नेमका तोच बंद करतात! तुम्हाला वाटेल बाहेर एवढं धुकं, ओली हवा आत घेऊन काय काच वाळणार, पण वर सांगितलं तसं त्या गार हवेत मुळात पाणी कमीच असतं, आत येऊन जरा गरम झाली की तीच हवा अजून पाणी ओढून घेऊ शकते. हनुवटीखाली कापडी पट्टी असेल, चिन कर्टन म्हणतात ती, तर या दिवसांत काढून बघा, ती ऊब धरते पण ओलावाही आतच कोंडते. आणि काच पूर्ण बंद करण्याऐवजी पहिल्या खटक्यावर ठेवा, जेमतेम फट राहते, डोळ्यांना वारा झोंबत नाही. काही हेल्मेटचा पहिला खटकाच एवढा मोठा असतो की अर्धी काच उघडते, किंवा खटका झिजून काच आपोआप खाली पडते, मग काचेच्या खालच्या कडेला एका बाजूला रबराचा छोटा तुकडा डबल टेपने चिकटवायचा, तेवढीच फट कायम राहते. पावसाळ्यात काढून टाका.

गाडी चालू असेपर्यंत एवढ्यावर भागतं. नाशिकला द्वारका चौकात अडकलात की मात्र हवा थांबते आणि दोन-चार श्वासात काच पांढरी होते, तिथे सरळ काच वर करायची, निघताना खाली. याला दुसरा इलाज नाही.

अजून एक गोष्ट, पहाटे गरम पाण्याने डोक्यावरून आंघोळ करून ओल्या केसांवर हेल्मेट घालत असाल तर काचेवर वाफ धरणारच, डोक्याच्या उबेने ते सगळं पाणी आतच फिरतं. केस कोरडे करा नाहीतर डोक्यावरून आंघोळ संध्याकाळी करा. आतलं अस्तर पण सुट्टीच्या दिवशी काढून उन्हात टाका. हेल्मेट रात्रभर गाडीच्या आरशाला लटकवून ठेवू नका, दवाने अस्तर ओलं होतं आणि काच सुरुवातीपासूनच गारठलेली असते.

आता तुमचा स्प्रे. स्प्रे काही खोटा नसतो, पण त्यात होतं ते साबणानेही होतं, म्हणजे पाण्याचा थेंब फुटून पसरतो आणि आरपार दिसतं. बेबी शाम्पू घ्या. काच हेल्मेटवरून काढून आधी साध्या पाण्याने धुवा, धूळ असताना चोळलं तर ओरखडे पडतात. वाळली की शाम्पूचा एक थेंब बोटावर घेऊन आतल्या बाजूने पातळ फिरवा, पाच मिनिटं राहू द्या, आणि मग धुवायची नाही, मऊ मायक्रोफायबरने पुसत राहायचं, आधी सगळं आणखी घाण झाल्यासारखं वाटतं, मग रेषा दिसतात, मग रेषा जातात आणि काच स्वच्छ दिसते, तिथे थांबायचं. रेषा राहिल्या तर हेडलाइट पडल्यावर त्या सगळ्या चमकतात. खात्री करायची असेल तर अर्ध्याच काचेला लावा आणि चहाच्या कपावर धरा, फरक लगेच कळतो. दोन-तीन दिवस टिकतं, परत करायचं. भांडी घासायच्या जेलनेही होतं पण जास्त राहिलं आणि ओघळलं तर डोळे असे चुरचुरतात की गाडी बाजूला घ्यावी लागते. ज्या काचेला कंपनीने आतून अँटीफॉग कोटिंग दिलंय तिच्यावर यातलं काहीच लावू नका, नुसतं पाणी आणि मऊ कापड.

बटाट्याने पण थोडा वेळ फरक पडतो, नाही असं नाही, पण वाळल्यावर पिठूळ डाग राहतात, आणि शाम्पू घरात असताना बटाटा भाजीला वापरलेला बरा. टूथपेस्ट अजिबात नको, तिच्यात घासायची बारीक पूड असते. गॅरेजमध्ये पेट्रोलचं फडकं मारून काच चकाचक करून देतात ते तर कधीच करू देऊ नका, व्हायझर म्हणजे ही काच पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची असते, पेट्रोल, थिनर, अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड याने ती धुरकट होते आणि बारीक तडे जातात. तुमची काच जुनी आणि ओरखड्यांची असेल तर आधी ती बदला, काही शेकड्यांत येते, आणि घेताना क्लिअर घ्या, पहाटेच्या अंधारात स्मोक काच म्हणजे संकट.

पैसे घालायची तयारी असेल तर खरा इलाज पिनलॉक. काचेच्या आत दुसरी पातळ शीट बसते, तिच्या कडेला सिलिकॉनची बारीक गोट असते, दोन्हींच्या मध्ये कोरडी हवा अडकते आणि आतली शीट गार पडत नाही, शिवाय ती शीट स्वतः थोडा ओलावा शोषते. पण व्हायझरला दोन पिना असलेलाच लागतो, त्यामुळे तुमच्या हेल्मेटला तसा व्हायझर मिळतो का ते आधी विचारा, आणि साध्या हेल्मेटवाल्याला नुसती शीटच हेल्मेटच्या भावात पडू शकते. बसवल्यावर गोट सगळीकडून चिकटली पाहिजे, एका कोपऱ्यात जरी फट राहिली तरी दोन काचांच्या मध्येच वाफ धरते आणि ती पुसताही येत नाही. पिना थोड्या फिरवता येतात, त्याने शीट घट्ट-सैल होते. रात्री समोरच्या लाइटची जोडप्रतिमा दिसते, सवय होते. तिला साबण, स्प्रे काही लावायचं नाही, लगेच खराब होते.

शेवटचं, चांदोरीजवळच का होतं ते. तिथे गोदावरीच्या कडेला धुकं उतरतं आणि ते थेंब काचेच्या बाहेरून बसत असणार, वरच्या कशानेच ते जाणार नाहीत. ग्लोव्हजच्या बोटाने बाहेरून एक पुसून बघा, स्वच्छ दिसलं तर त्रास बाहेरचा. त्याला डाव्या हाताच्या ग्लोव्हजने पुसत राहायचं, स्पीड कमी करायचा आणि धुकं फारच दाट असेल तर एखाद्या टपरीवर चहा घेऊन शिफ्टला दहा मिनिटं उशीर करायचा. चष्मा असेल तर त्यालाही शाम्पूचाच प्रयोग चालतो, फक्त भिंग कोटिंगवालं असेल तर आधी चष्मेवाल्याला विचारा.