बाबांच्या गाठीचा रक्तपुरवठा तोडता येणार नाही का?

प्रश्न : डॉक्टर, माझे बाबा ६१ वर्षांचे. तीन महिने भाकरीचा घास अडकत होता, आम्ही ॲसिडिटी समजत राहिलो. दुर्बिणीने तपासलं तर अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ निघाली, बायोप्सीत स्क्वॅमस (अन्ननलिकेच्या आतल्या सपाट पेशींचा) कॅन्सर आलाय. केमो आणि शेक (रेडिएशन) एकत्र, मग ऑपरेशन असं सांगितलंय. मावसभाऊ म्हणतो गाठीच्या रक्तवाहिन्या बंद करणारं इंजेक्शन मिळतं, गाठ उपाशी मरते. मग तेच का देत नाहीत? – एक वाचक, सातारा

उत्तर : मावसभाऊ म्हणतो ते खोटं नाही. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे अमेरिकेतले सर्जन जुडा फोकमन यांनी १९७१ सालीच मांडलं होतं. ऑक्सिजन कमी पडला की गाठीतल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडतात आणि आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना तिकडे फांद्या फुटतात. अन्ननलिकेत तर हे डोळ्यांनी दिसतं, अगदी सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये निळ्या-हिरव्या प्रकाशाच्या दुर्बिणीतून बघितलं की बारीक केशवाहिन्यांची वेटोळी जाड आणि वेडीवाकडी झालेली दिसतात, त्यावरून रोग किती खोल गेलाय याचा अंदाजही बांधतात.

पण या रक्तवाहिन्या घाईघाईत तयार झालेल्या, गळक्या, कुठे फुगलेल्या कुठे दबलेल्या. त्यामुळे गाठीचे काही कोपरे ऑक्सिजनवाचूनच राहतात आणि नेमक्या तिथल्या पेशी शेकातून वाचतात, कारण शेकाचा मार नीट बसायला ऑक्सिजन लागतो. केमोही आत पोचते ती रक्तातूनच. आता सांगा, पुरवठा सरसकट तोडला तर आपलं औषध जाणार कुठून?

आणि हे करून बघितलंय. ब्रिटनमध्ये १०६३ पेशंटवर, ऑपरेशनच्या आधी-नंतरच्या केमोसोबत बेव्हासिझुमॅब हे व्हीईजीएफला अडवणारं इंजेक्शन देऊन. २०१७ साली निकाल छापून आला, तीन वर्षांनी जिवंत असलेले नुसत्या केमोत ५०.३ टक्के, इंजेक्शनसकट ४८.१. फायदा नाहीच, उलट अन्ननलिका काढून जिथे जोड दिला होता तिथून गळती होण्याचं प्रमाण १० टक्क्यांवरून २४ वर गेलं. जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात ना! मला स्वतःला हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तुमच्या बाबांचंही ऑपरेशन व्हायचंय. त्या अभ्यासातले पेशंट ॲडिनो (ग्रंथींच्या पेशींपासून होणाऱ्या) कॅन्सरचे होते, पण टाके भरायचा नियम सगळ्यांना एकच.

रामुसिरुमॅब नावाचं याच जातीचं इंजेक्शन अमेरिकेत २०१४ पासून मान्य आहे, पण ते जठराच्या आणि जठर-अन्ननलिका जिथे मिळतात तिथल्या ॲडिनो कॅन्सरला, रोग पुढे गेल्यावर आणि पहिली केमो चालेनाशी झाल्यावर. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधासोबत दिल्यावर मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट ज्याच्या पुढे जगले तो काळ) ७.४ महिन्यांवरून ९.६ झालं. बाबांचा आजार तो नाही.

बाबांना सांगितलेल्या उपचाराचं बघा. नेदरलँड्समधल्या अभ्यासात (२०१२) केमो-शेक घेऊन ऑपरेशन झालेल्या स्क्वॅमसच्या पेशंटपैकी ४९ टक्क्यांच्या काढलेल्या भागात जिवंत कॅन्सर सापडलाच नाही. शेकाला जाळपोळ समजून घाबरू नका, आणि मध्ये दिवस चुकवू नका. हिमोग्लोबिन किती आहे ते विचारा, रक्त कमी असेल तर गाठीला ऑक्सिजनही कमी मिळतो. तंबाखू-बिडी असेल तर आजच बंद. आणि पेजही उतरेनाशी झाली तर नाकातून नळी घालायला नाही म्हणू नका, वजन टिकलं तर बाबांना ऑपरेशन झेपेल.