हेलेन दुत्रियू: स्टंटवाली की वैमानिक?

तुमचे दोन प्रश्न आहेत. बेल्जियमची हेलेन दुत्रियू ही जगातली पहिली महिला वैमानिक होती का? आणि मुळात सायकलवर कसरती करणारी असल्याने तिला विमानात निव्वळ जाहिरातीसाठी बसवलं होतं, हे खरं का?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: नाही. परवाना मिळवणारी जगातली पहिली बाई फ्रान्सची रेमोंद द लारोश, मार्च १९१०. हेलेनला बेल्जियन एरो क्लबचा २७ क्रमांकाचा परवाना मिळाला तो त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला, म्हणजे ती बेल्जियमची पहिली. गंमत अशी की परवाना हातात पडायच्या आधीच, सप्टेंबरात, तिने ऑस्टेंड ते ब्रुज असं न थांबता उड्डाण केलेलं होतं.

जाहिरातीची गोष्ट अर्धी खरी आहे. तिचा जन्म १८७७चा, तुर्ने गावचा. आधी ती ट्रॅकवरची सायकलपटू, १८९७ आणि १८९८ची महिलांची जगज्जेती. पुढे रंगमंचावर उतारावरून सायकल सोडून हवेत सुमारे १५ मीटर झेप घ्यायची. त्या खेळाचं नाव ‘मानवी बाण’. अशी नावाजलेली, त्यात लहानखुरी बाई क्लेमां-बायार कंपनीला हवीच होती, कारण त्यांचं ‘देम्वाझेल’ विमान अगदीच चिमुकलं होतं. पहिल्याच प्रयत्नात ते कोसळलं. नुसती शोभेची बाहुली असती तर तिथेच घरी बसली असती. ही फारमान विमानाकडे वळली.

फारमान म्हणजे काय, हे डोळ्यांपुढे आणा. खालच्या पंखाच्या पुढच्या कडेला बसायचं, भोवती ना भिंत ना काच. पाय सुकाणूच्या दांडीवर, उजव्या हातात एकच दांडा, पाठीमागे ५० अश्वशक्तीचं नोम इंजिन वंगणाचं एरंडेल उडवत गरगरतंय. अशा बैठकीवर ती २१ डिसेंबर १९१०ला २ तास ३५ मिनिटं बसली, डिसेंबरच्या गारठ्यात, फ्रान्समधल्या एतांपला फेऱ्या मारत. १६७ किलोमीटर भरले आणि महिलांसाठीचा फेमिना चषक तिचा झाला. पुढच्या वर्षी वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी २५४ किलोमीटर, पुन्हा चषक. माझ्या मते सायकलीने तिला नाव दिलं त्याहून जास्त तोल दिला, आणि त्या काळी विमान उडवणं हे बरंचसं तोलाचंच काम होतं.

तरी मला सगळ्यात मोठा वाटतो तो मे १९११मधला इटलीतल्या फ्लॉरेन्सचा ‘राजाचा चषक’. तिथे स्पर्धक म्हणून १४ पुरुष होते आणि ती जिंकली. वर्तमानपत्रांना मात्र वेगळाच शोध लागला होता: बाई उडताना कॉर्सेट (कंबर आवळणारं अंतर्वस्त्र) घालत नाही! त्यावर चक्क गदारोळ झाला. (आपल्याकडच्या चॅनेलवाल्यांना उगाच नावं ठेवतो आपण.)

१९१३मध्ये फ्रान्सने तिला लेजियन ऑफ ऑनर हा आपला मोठा सन्मान दिला. महायुद्ध लागल्यावर ती रुग्णवाहिका चालवू लागली. १९२२मध्ये पिएर मोर्तिए यांच्याशी लग्न करून फ्रेंच नागरिक झाली. म्हणूनच काही याद्यांत ती फ्रेंच दिसते. १९५६मध्ये तिने महिला वैमानिकांसाठी स्वतःच्या नावाचा चषक सुरू केला, आणि १९६१मध्ये पॅरिसला वारली.